माफ केलं म्हणजे सहीपण करायची का?

गोदाकाठ
गेलं दीड वर्ष सकाळच्या लोकलमध्ये ज्ञानेश्वरी वाचते आहे. बसायला जागा मिळाली तर दहा ओव्या, उभं राहावं लागलं तर पाठ झालेल्या चार-पाच मनातल्या मनात. नऊ हजार ओव्या दहाच्या हिशोबाने अडीच वर्षं पुरतात, हे सुरुवातीलाच मांडून ठेवलं होतं. त्यामुळे घाई नाही. दहावीतला मुलगा, बँकेतली नोकरी, सासूबाईंची औषधं या सगळ्यात दिवसाची ही चाळीस मिनिटं तेवढी माझी असतात.

आता तेराव्या अध्यायात क्षांतीपाशी अडकले आहे. तीन आठवडे पान उलटलेलं नाही. नद्या कितीही लोट घेऊन आल्या तरी समुद्र पोट मोठं करून त्यांना घेतो, तसं ज्याला न सोसण्यासारखं काही उरतच नाही, असं माउली सांगतात. आणि पुढे म्हणतात, 'आणि साहतु असे ऐसेंही स्मरण नुरे'. आपण सोसतो आहोत याची आठवणसुद्धा राहत नाही. मला तर सगळं तारखेसकट आठवतं.

थोडक्यात सांगते. वडील जाऊन तीन वर्षं झाली. निफाडकडे आमची वडिलोपार्जित तीन एकर द्राक्षबाग आहे. बाबांच्या तेराव्याला, गोडाचं जेवण उरकून पाहुणे निघाल्यावर, दादाने हक्कसोडपत्राचा कागद माझ्यासमोर ठेवला. मला काही मागायचं नव्हतं, पण तो कागद त्या दिवशी तिथे बघून हात पुढे गेला नाही. 'नंतर बघू' म्हणाले. तर दादा सगळ्यांसमोर म्हणाला, "बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा कुठं होतीस? सातबाऱ्यावर नाव लावायला बरी आलीस." मी दर दुसऱ्या शनिवारी जात होते. पण रात्री जागला तो आणि वहिनी, हेही खरं आहे.

तेव्हापासून राखी नाही, भाऊबीज नाही. आता पुतणीचं लग्न ठरलंय. दादाचा फोन आला. "आत्या म्हणून चार दिवस आधी ये, झालं गेलं सोडून दे. आणि आलीच आहेस तर ते कागदाचं पण उरकून टाकू."

मला खरंच माफ करायचंय. राग बाळगून दमले आहे. पण माफ केलं तर सही करायची का? आणि सही न करता लग्नाला गेले, तर माझ्या माफीला काही अर्थ राहतो का? तुमच्यापैकी कुणी यातून गेलं असेल तर लिहा.

शमी
वाचून गलबलून आलं गं. मी यातून गेलेली नाही, पण इथे आहे.

बाळबोध
वकिली करतो, म्हणून आधी कोरडं ते सांगून टाकतो. वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मानेच मुलाइतकी वाटेकरी आहे. हिंदू वारसा कायद्यातली ही दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू आहे, आणि त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केलंय. आपल्याकडे महाराष्ट्रात १९९४ सालीच अशी दुरुस्ती झाली होती, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली तिच्यातून बाहेर राहिल्या. २००५ नंतर ती अट गेली.

हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. एकदा नोंदलं की मन बदललं म्हणून तलाठ्याकडे जाऊन ते मागे घेता येत नाही, दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागते. म्हणून एवढंच मागणं आहे ताई, हळदीच्या घरात, सगळे पाहुणे बघत असताना, भरल्या डोळ्यांनी कुठल्याही कागदावर सही करू नका. द्यायचंच असेल तर लग्नानंतर महिन्याने, स्वतःच्या घरी बसून, वाचून द्या. माफी आणि दस्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चकली
बाळबोध यांना अनुमोदन. दोन वेगळ्या गोष्टी.

रानवाट
मला ताटीचे अभंग आठवले. ज्ञानदेव लोकांच्या बोलण्याने दुखावून झोपडीची ताटी लावून आत बसले, आणि धाकटी मुक्ताई बाहेरून विनवत राहिली. 'विश्व रागे झाले वन्ही, संते सुखे व्हावे पाणी.' ज्यांनी पुढे आपल्याला हे सोसण्याचं शिकवलं त्यांनाही एके दिवशी दार लावून बसावंसं वाटलं होतं. गोदाकाठ, तुमच्या तीन वर्षांबद्दल स्वतःला दोष देऊ नका. पण आता दारावर थाप पडली आहे, ताटी उघडा असं मला मनापासून वाटतं. लग्न पुन्हा येत नाही. पुतणीचा यात काय दोष?

पिंपळपार
रानवाट, अभंग माझेही जिवाभावाचे आहेत, पण इथे ते तसेच्या तसे बसत नाहीत. मुक्ताईने ज्ञानदेवांना दुखावलं नव्हतं. बाहेरून विनवणारी आणि दुखावणारे ही निराळी माणसं होती. इथे ज्याने घाव घातला तोच दार वाजवतोय, आणि त्याच्या हातात कागद आहे.

रानवाट
मान्य. हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता. तरी भावाचं मन पूर्ण काळं आहे असं धरून चालू नये एवढंच म्हणणं. 'चार दिवस आधी ये' हे निव्वळ कागदासाठी कुणी म्हणत नाही.

सुगरण_आजी
आमच्या लहानपणी नाथांची गोष्ट सांगायचे. पैठणला नाथमहाराज गोदावरीवरून आंघोळ करून यायचे आणि एक जण त्यांच्या अंगावर थुंकायचा. ते परत स्नानाला जायचे. न चिडता. शेवटी तोच पाया पडला. बाई गं, सोसणाऱ्याचं कधी वाईट होत नाही.

पिंपळपार
आजी, गोष्ट मोठीच आहे. पण नाथांचा तिथे अपमान झाला, हक्क गेला नव्हता. आपल्याकडे बायकांना ही गोष्ट दोन्हीसाठी सांगतात, आणि मग अपमानासोबत हक्कही सोसायच्या यादीत जातो. माझ्या आईने १९९८ साली मामांना सही करून दिली. कुणी जबरदस्ती केली नाही. 'माहेर तुटेल' एवढंच वाक्य आजूबाजूला फिरत होतं. माहेर तरीही पाच-सहा वर्षांत तुटलंच, मामी बोलवेनाशी झाली. आई आजही भाऊबीजेला ताट करून ठेवते.

सुगरण_आजी
तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. मी पण सही दिली होती. माझे भाऊ चांगले निघाले, म्हणून मला असं वाटतं असेल.

चकली
थोडं हलकं लिहू का? वाचनाचा पण विषय आहे ना धाग्यात. आमच्या सासूबाई रोज पोथी मोठ्याने वाचतात आणि त्याच चालीत, त्याच सुरात मध्येच 'दूध उतू जातंय गं' म्हणतात. माझी मुलगी पाच वर्षांची असताना शाळेत पोथीतली ओवी म्हणून तेच म्हणून आली. बाईंनी शाबासकी दिली.

शमी
चकली, डब्यात हसले ते सगळ्या बघायला लागल्या :)

लोकलवाली
गोदाकाठ, मीपण गाडीतच वाचते, सध्या गाथा. एक अनुभव सांगते. एका जागी अडलं की मी तिथे बोट ठेवून पुढचं वाचते. चार-सहा महिन्यांनी परत येते तेव्हा तीच ओळ निराळी लागते, कारण मधल्या काळात घरात काहीतरी घडलेलं असतं. पुस्तक आणि आपण दोघंही पुढे सरकतो. वाचन थांबवू नका. चाळीस मिनिटं हातची गेली की परत मिळत नाहीत, घरचे लगेच त्यात काहीतरी काम बसवतात.

नारळीबाग
मी वसईची, ख्रिस्ती. दोन दिवस वाचतेय, लिहू का नको करत होते. आमच्या रोजच्या प्रार्थनेत क्षमा आहे. मराठी बायबलात त्या ठिकाणी 'ऋण' हा शब्द आहे. आम्ही जसं आमच्या ऋणकऱ्यांचं ऋण सोडलं, तसं तू आमचं सोड. लहानपणापासून म्हणतेय, पण तुमचा धागा वाचून पहिल्यांदा जाणवलं की सोडायचं ते समोरच्याचं देणं. त्याने मला 'चुकलो' म्हणणं, तोंड पाडून उभं राहणं, ज्याची मी वाट बघत बसते ते. ऋण सोडलं म्हणजे स्वतःचं घर लिहून दिलं असं होत नाही.

दुसरं म्हणजे कन्फेशनला गेलं की पापांची कबुली आम्ही स्वतः देतो, आणि फादर प्रायश्चित्त सांगतात. ज्याचं घेतलं असेल त्याला परत करणं हेही त्यात येतं. म्हणजे माफी मिळाली तरी करायचं ते उरतंच. तुमच्या दादांच्याही वाट्याला काही करायचं येतं, ते तुम्ही त्यांच्या वतीने उरकू नका.

गोदाकाठ
नारळीबाग, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला, मग वहीत उतरवून घेतला. मी खरंच 'चुकलो' या शब्दाची वाट बघते आहे. तीन वर्षं. तो शब्द मिळाला असता तर कदाचित त्याच संध्याकाळी सही केली असती.

बाळबोध, घरी यांनाही तुमचं दाखवलं. ते म्हणाले, तुझं माहेर, तू ठरव. यांनी एकदाही जमिनीचा विषय काढलेला नाही, हे इथे मुद्दाम लिहिते.

कृष्णामाई
सांगलीकडची आहे, दिगंबर जैन. आमच्या दशलक्षण पर्वाचा पहिला दिवसच उत्तम क्षमेचा असतो, आणि पर्व संपल्यावर क्षमावाणी. त्या दिवशी घरोघर जाऊन हात जोडून क्षमा मागतात, लहानमोठं न बघता. आता बहुतेक मोबाईलवर एकच संदेश दोनशे जणांना जातो. ज्याच्याशी खरं बिनसलंय तोही त्या दोनशेत असतो आणि त्यालाही तेच फूल तेच हात जातात. मला ते बोचतं.

चार वर्षांमागे मी ठरवलं की बाकी कुणाला नाही पाठवलं तरी चालेल, पण जिच्याशी वाकडं आहे त्या एकीकडे जायचं. जाऊबाई. तीन जिने चढून गेले. 'माझं हे चुकलं' एवढंच बोलले, तिचं काय चुकलं ते काढलं नाही. तिने पाणी दिलं. फार काही बदललं नाही, आजही आम्ही गळ्यात गळे घालत नाही. पण जिन्यात भेटली की पोटात गोळा यायचा तो येत नाही.

लेकाकाठी
न्यू जर्सीहून लिहितोय. आई पुण्यात. रविवारी सकाळी माझी, संध्याकाळी तिची, अशी फोनवर एकत्र वाचतो. ती ओवी वाचते, मी अर्थ. बारावा अध्याय २४७ ओव्यांचा, आम्हाला दोन महिने पुरला. तेराव्याचं नाव काढलं की आई म्हणते, 'तो मोठा आहे रे, सावकाश.' गोदाकाठ, तुम्ही तीन आठवडे थांबलात ते बरोबरच वाटलं मला. अकराशेच्या वर ओव्या आहेत त्यात.

तिफण
मी भावाच्या बाजूचा आहे. शेतकरी. लिहायची सवय नाही, पण एवढं सगळं वाचून गप्प बसवेना.

शहरातल्या बहिणींना जमीन म्हणजे भावाच्या ताब्यात असलेला पैसा वाटतो. द्राक्षबाग म्हणजे छाटणीपासून काढणीपर्यंत कर्ज आहे. मांडव, ठिबक, औषधं. सोसायटीचं कर्ज काढायचं तर सातबाऱ्यावर जितकी नावं तितक्या सह्या. बहीण मुंबईला, तिला रजा नाही, आणि इकडे फवारणीचे दिवस चालले. एका रात्रीत गारपीट झाली की वर्ष गेलं. म्हणून भाऊ म्हणतो नावं कमी करा. सगळेच लुटायला बसलेले नसतात. हे गोदाकाठ ताईंनी ध्यानात घ्यावं.

आता दुसरी बाजू. माझ्या दोन्ही बहिणींनी २०१४ ला सह्या दिल्या. धाकटी तालुक्याच्या ऑफिसाबाहेर लिंबाखाली रडत होती. मला वाटलं दादांची आठवण आली असेल. आम्ही वडिलांना दादा म्हणायचो. मी तिला उसाचा रस पाजला आणि एसटीत बसवून दिलं. आज हा धागा वाचताना पहिल्यांदा वाटलं, की ती दादांसाठी रडत नसेल. एवढ्या वर्षांत मी तिला विचारलंच नाही.

पिंपळपार
तिफण, हे लिहायला मोठं मन लागतं. मी वर भावांबद्दल तोडून लिहिलं होतं. कर्जाच्या सह्यांची अडचण मला माहीत नव्हती.

बाळबोध
तिफण म्हणतात ती अडचण खरी आहे, आणि तिच्यावर हक्कसोडाशिवायही मार्ग आहेत. बहीण भावाच्या नावे मुखत्यारपत्र देऊ शकते, फक्त शेती आणि कर्जाच्या कामापुरतं मर्यादित, विक्रीचा अधिकार न देता. नाव सातबाऱ्यावर राहतं, भावाचं काम अडत नाही, आणि पटलं नाही तर ते रद्द करता येतं. भावाची खरी गरज कोणती, हे आधी विचारून घ्या. पुष्कळदा ती एवढीच निघते.

तिफण
हे आम्हाला त्या वेळी कुणी सांगितलं नाही. ऑफिसाबाहेर टाईप करणाऱ्याकडे छापील कागद होता तो भरला.

शमी
तिफणदादा, बहिणीला फोन करा.

रानवाट
शमी +१. आजच.

सुगरण_आजी
गोदाकाठ, मी माझं आधीचं म्हणणं थोडं बदलते. लग्नाला जा. ओटी घे, पुतणीला हळद लाव, वहिनीच्या हाताखाली पुरणाला बस. कागदाचं कुणी काढलं तर म्हणावं, आत्ता माझ्या हाताला हळद लागली आहे. बाईला लग्नघरात एवढं कारण पुरतं.

चकली
आजी, हे मी लिहून ठेवते आहे. नणंदेच्या मुलीचं लग्न आहे मे महिन्यात.

कृष्णामाई
आणि वहिनीशी वेगळं बोला. रात्रीचं जागरण तिनेही केलंय, तुम्हीच लिहिलंत. तिचं कुणी नाव घेतलं का या तीन वर्षांत?

गोदाकाठ
कृष्णामाई, नाही घेतलं. दादाचं वाक्य माझ्या मनात इतकं मोठं झालं की त्याच्या शेजारी वहिनी उभी होती हेच विसरले. बाबांचे कपडे, पाठीला झालेल्या जखमा, सगळं तिने केलं. बाबांना सून असून तिच्या हातून न्हाऊ घालून घ्यायची लाज वाटायची, तर ती डोळ्यांवर पदर ओढून घ्यायची, म्हणजे त्यांना अवघडायला होऊ नये. हे मला बाबांनीच सांगितलं होतं. मी तिला एकदाही काही म्हटलं नाही.

लोकलवाली
थांबा. हे वाचून माझं स्टेशन गेलं. परत येते.

नारळीबाग
गोदाकाठ, लग्नाच्या आधी हे तिला सांगा. जमिनीचं काय व्हायचं ते होवो.

(आठ दिवसांनी)

तिफण
धाकट्या बहिणीला फोन केला होता. रात्री साडेनऊला. ती आधी घाबरली, म्हणाली घरी सगळे बरे आहेत ना? मी लिंबाखालचं विचारलं. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, 'सहीचं काही नाही रे भाऊ. तू वाचूनसुद्धा दाखवलं नाहीस, नुसतं बोट ठेवलंस, इथं कर म्हणालास.' दहावी झालेली बहीण माझी, शाळेत पहिली यायची. माझ्यापेक्षा चांगलं वाचता येतं तिला.

पंचमीला तिला आणायला जाणार आहे. पुढचं पुढं बघू.

पिंपळपार
नुसतं बोट ठेवलंस. आईला आज विचारते, तिच्या वेळी कागद वाचला होता का कुणी.

गोदाकाठ
काल वहिनीला फोन केला. आधी तिला, दादाला नाही. बाबांबद्दल बोलायचं होतं तेवढं बोलले. ती म्हणाली, 'वन्सं, कशाला आता ते,' आणि मग दोघींनाही बोलता येईना. तिनेच फोन दादाकडे दिला.

त्याला म्हणाले, लग्नाला येते, चार दिवस आधी येते, रजा टाकली आहे. सहीचं लग्नात काढू नको. कर्जासाठी माझी सही अडत असेल तर त्याचा वेगळा कागद होतो, तो मी वकिलांकडून समजून घेतलाय, लग्नानंतर तू ठाण्याला ये, आपण बसून वाचू. आणि तेराव्याला तू जे बोललास ते मला फार लागलं होतं, आता मी ते सोडलंय. हे शेवटचं आठवडाभर मनात घोळवून ठेवलं होतं, तरी आवाज कापला.

तो गप्प. मागे कुत्रं भुंकत होतं, ते ऐकू येत राहिलं. 'चुकलो' वगैरे म्हणाला नाही. बऱ्याच वेळाने म्हणाला, "बुधवारी येतीस ना? या आठवड्यात लाईट रात्रीची आहे, मी बागेत असेन. लासलगाव स्टेशनावर कुणाला तरी पाठवतो. एकटी रिक्षानं येऊ नको."

आज सकाळी गाडीत बसायला जागा मिळाली. लोकलवालीने सांगितलं तसं त्या ओवीपाशी बोट ठेवलं आणि पुढच्या दहा वाचल्या.

शमी
:) :) आणि डोळ्यात पाणी पण.

तिफण
ताई, रात्रीची लाईट असते तेव्हा आमच्याकडं गावात माणूस मिळत नाही. जो तो आपापल्या मोटारीवर असतो. तो कुणाला पाठवणार नाही, पाणी धरायचं सोडून स्वतःच येईल बघा.